दा नांग : पुलाची दोन टोकं

व्हिएतनाममधल्या दा नांगला येऊन दीड वर्ष होत आलं. घरून फोन आला की सगळे इथल्या ड्रॅगनच्या आकाराच्या पुलाचं, ड्रॅगन ब्रिजचंच विचारतात, तो खरंच आग ओकतो का? हो, ओकतो, वीकेंडला रात्री 9 वाजता, मग पाणीपण उडवतो. पण मला सांगायचंय ते त्या पुलाच्या दोन टोकांबद्दल.

शहराकडच्या टोकाला चाम शिल्पांचं म्युझियम आहे. तिथे पहिल्यांदा गेले आणि समोर शिवलिंगं, नंदी, गणपती! घरापासून एवढ्या लांब बाप्पा भेटला म्हणून डोळ्यात पाणीच आलं. इथे पूर्वी चाम लोकांचं चंपा राज्य होतं, राजे शिवभक्त, त्यांची मी-सनची देवळं इथून गाडीने दीडेक तासावर आहेत आणि आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे काम करत असताना 2020 मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं.

दुसऱ्या टोकाने सरळ गेलं की मी-खे बीच. आज नुसते टॉवर आणि हॉटेलं, पण आमची घरमालकीण (तिला मी ‘ची’ म्हणते, म्हणजे ताई, इथे परक्यालाही नात्यानेच हाक मारतात) सांगते की तिच्या लहानपणी ह्या बाजूला कोळ्यांची गरीब वस्ती होती, बाजाराला जायचं तर फेरीबोटीने हान नदी ओलांडायची. 1997 ला शहर क्वांग नाम प्रांतापासून वेगळं झालं आणि 2000 साली नदीवर फिरता पूल आला, रात्री जहाजांसाठी मधला भाग वळायचा. त्या पुलासाठी लोकांनी वर्गणी दिली होती, हे सांगताना ताईचा चेहरा बघण्यासारखा असतो. पूल झाला आणि ही बाजू बदलली, रस्ते, हॉटेलं, जमिनीचे भाव, सगळंच. ड्रॅगन ब्रिज नंतरचा, 2013 चा. आणि 2025 च्या जुलैत क्वांग नाम परत दा नांगमध्येच आलं.

कोळी मात्र अजून आहेत बरं का. पहाटे बीचवर गेलं की बांबूच्या विणलेल्या, टोपलीसारख्या गोल होड्या येताना दिसतात, आणि तिथेच वाळूवर मासळी विकायला बसतात. व्हेलला ते देव मानतात, ‘ओंग’ म्हणतात, म्हणजे आजोबा. मेलेला व्हेल किनाऱ्याला लागला तर रीतसर अंत्यसंस्कार करतात, आणि तेत म्हणजे नववर्ष झालं की व्हेलचा उत्सव असतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ देतात ना, तीच माया. ह्या वर्षी ताई मला तिच्या माहेरच्या वस्तीतल्या उत्सवाला नेणार आहे.