विंगेतून दिसणारी सिंधू

आमच्या मंडळाचा नाटकांचा हंगाम तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतो आणि शिमग्याला संपतो. भात घरात आलेलं असतं, पावसाची धास्ती नसते, मोकळ्या मळ्यात माटव घालता येतो. तीन नाटकं, तिन्ही गंभीर. "एखादं हसवणारं बसवा की" म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं ऐकून घेतो.

नटराजपूजन, शाल-श्रीफळ, भाषणं व्हायची तशी होतात. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, हे आमचे अध्यक्ष दर खेपेला नव्याने कळल्यासारखं सांगतात. मला ओढ असते ती पडद्यामागे देवाला घालायच्या गाऱ्हाण्याची. सगळे रंग लावून उभे असतात आणि थोरले आबा हात जोडतात : "ह्या पोरांनी जां काय मांडल्यानी हा, तां गोड करून घे रे म्हाराजा!" फौजदार आणि तळीराम एकाच सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. बावीस वर्षं झाली, अजून तिथे माझा गळा दाटतो.

मी प्रॉम्प्टर. त्यामुळे नाटक मला कडेनंच दिसतं, अर्धा चेहरा आणि पाठ. पूर्वी 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी, म्हणजे दारुड्या सुधाकरच्या बायकोच्या कामासाठी, मुंबईहून बाई आणायचो. चांगलं काम करायच्या, पण गाडी चुकली की आमचे प्राण कंठाशी. मग आमच्याच वाडीतली अंगणवाडीची बाई उभी राहिली. 'चंद्र चवथिचा' ती काही फार सुरेल म्हणत नाही. पण शेवटच्या अंकात सिंधू मरणाच्या दारात असताना नवऱ्याला वाचवायला फौजदाराला खोटी जबानी देते ना, ते ती रडत नाही की कण्हत नाही. सकाळी विहिरीवर शेजारणीला सांगावं तसं सांगते. समोर बायका गप्प होतात. तसली जबानी आमच्या गावात काय कमी बायकांनी दिलीय? मागे बांधावर जरा 'घेऊन' बसलेले असतात, तेही खोकत नाहीत. त्या वाक्यांना मी वहीतून नजर काढतो. प्रॉम्प्टरने असं करू नये.

हे बघायला चाकरमानी मात्र नसतात. शिमग्याला येतात, पत्रिकेत नाव कुठे छापलंय ते आधी बघतात आणि तिसऱ्या अंकानंतर खुर्च्या रिकाम्या. सकाळची गाडी असते म्हणे. शेजारच्या गावात दशावतार असला की तिथे पहाटेपर्यंत बसायला मात्र हीच माणसं!

असो. मदतीला आलेल्यांची नावं लिहीत नाही. एक जरी राहिलं तरी वर्षभर ऐकावं लागतं. पण माटवाला झापं विणून देणारे, कुडाळहून पडदे आणणारा टेम्पोवाला, रंगभूषावाले काका, पेटी-तबल्यावाले दोघे, शाळेची बाकं मोजून देणारे आणि मोजून घेणारे शिपाईमामा, प्याल्यातल्या दारूसाठी कोरा चहा उकळणाऱ्या वहिनी (त्यांनीच सगळ्यांना दुधाचाही पाजला), लाईट गेल्यावर जनरेटरला दोरी मारणारा पोरगा, सुधाकरचा कोट इस्त्री करणारा त्याचा भाऊ, हे सगळे मोजलेत. फौजदाराची टोपी कुणी दिली ते अजून आठवत नाही. देणाऱ्याने राग मानू नये, येऊन घेऊन जावी.

आणि हो, जातं! सिंधू दळते ते खरं दगडी जातं वरच्या वाडीतल्या एका आजीचं. चौघांनी उचलून आणलं, परत न्यायला कुणी नाही. गेल्या शिमग्यापासून ते रंगमंचाच्या फळ्यांखालीच आहे. आजी मला बाजारात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जातो, तरी मागून हाक येतेच : "प्राम्टर, माझां जातां खंय रे?"