तांबडी नोट

धाकट्याने आज सकाळी फोनवर एकदम विचारले, ‘‘ताई, अण्णांची तांबडी नोट तुझ्याकडेच आहे ना? हल्ली तिला चांगला भाव येतो.’’ ‘बघते’ म्हणून मी फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी करपली.

नोट आईच्या पितळी डब्यात आहे. रिझर्व्ह बँकेचीच, दहा रुपयांची. पण आपली दहाची तेव्हा जांभळी आणि ही तांबडी. आखातातून होणाऱ्या सोन्याच्या चोरट्या व्यापारात परकीय चलन गळू लागले, म्हणून १९५९ साली केवळ तिकडच्यासाठी या नोटा निघाल्या. १९६१ मध्ये कुवेतने दिनार आणला आणि त्या तिथूनही गेल्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेले अण्णा कुवेतमधल्या अहमदीला तेलाच्या कामावर गेले आणि मागाहून त्यांनी आईला व मला बोटीने नेले. अहमदीत उत्तरेला गोऱ्या साहेबांचे बंगले, दक्षिणेला मजूर आणि मधोमध आम्ही. आपली पायरी कोणती, हे तिथे कुणाला सांगावे लागत नसे. इथे मात्र रजेवर आले की अण्णा ‘कुवेतवाले’ असत. १९६० च्या रजेत महाद्वार रोडवर आत्यासाठी लुगडे घेताना त्यांच्या पैशांत चुकून ही नोट निघाली. दुकानदाराने ती उजेडाकडे धरली, ओल्या बोटाने चोळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, ‘‘ही कुठली?’’ अण्णा समजावू लागले, तशी माणसे जमली. मी त्यांचा हात सोडला आणि हिरव्या नऊवारीतल्या एका अनोळखी बाईंना खेटून, जणू त्यांचीच मुलगी, अशी उभी राहिले.

सात वर्षांच्या पोरीला काय कळते, असे मी स्वतःला कितीदा तरी समजावले आहे. पण न कळणारी पोर बाई निवडून उभी राहत नाही. अण्णांनी ते पाहिले का? संध्याकाळी त्यांनी मला रंकाळ्यावर भेळ घेऊन दिली, जांभळी नोट मोडून. आई तर त्या दिवसाविषयी कधीच... असो.

धाकट्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे नोटेवरचा त्याचा हक्क माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, हे मला हसत हसत मान्य करावे लागले. तरीही संध्याकाळी त्याला फोन करून सांगितले, नोट सापडत नाही.

‘‘नीट बघ,’’ म्हणाला.

डबा मांडीवर घेऊन बसले आहे.