ऑल्डवर्थची बेल : सोमवार सोडून कधीही जा

पहिल्यांदा गेलो तो सोमवार होता. गोरिंग स्टेशनापासून दीड-पावणेदोन तास चढ चढून, गुडघ्यापर्यंत चिखल मिरवत इंग्लंडमधल्या ऑल्डवर्थ गावात पोचलो, आणि बेल इन या पबचं दार बंद. खिशात अर्धी राजगिऱ्याची वडी होती. ती बाहेरच उभ्या उभ्या खाल्ली, समोरच्या जुन्या विहिरीकडे बघितलं आणि आल्या वाटेनं उतरलो. चूक शंभर टक्के माझी. इथं सोमवारी सुट्टी असते हे बघायला दोन मिनिटं लागली असती. इतर दिवशीही दुपारी तीनच्या सुमारास बंद करून पुन्हा संध्याकाळी उघडायची जुनी रीत या पबनं सोडलेली नव्हती, म्हणजे 'जेवायला सावकाश जाऊ' म्हणून अडीचला पोचलात तरी फसगतच. निघायच्या आधी त्या आठवड्याच्या वेळा बघून घ्या.

दुसऱ्यांदा गेलो तो काकांना घेऊन. काका सांगलीकडचे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीस वर्षं केमिस्ट होते. रीडिंगला मुलीकडे, म्हणजे माझ्या चुलत बहिणीकडे, तीन महिन्यांसाठी आलेले. विंडसर झालं, हॅम्प्टन कोर्ट झालं. तिसऱ्या राजवाड्याच्या दारात काका म्हणाले, "राजा-राणी पुरे झाले. इथं आंबवतात कसं ते दाखव."

त्यासाठी मोठ्या ब्रुअरीत जायची गरज नव्हती. रिअल एल, म्हणजे जुन्या पद्धतीची इंग्लिश बियर, तिचं शेवटचं आंबणं पबाच्या तळघरात, पिंपातच होतं. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं. ना गाळून काढलेलं, ना पाश्चराइझ केलेलं. पबवाला ते तळघरात आडवं ठेवतो, निवळू देतो, वरच्या भोकातून जादा वायू हळूहळू जाऊ देतो आणि मग नळ ठोकतो. बाहेरून गॅस सोडायचा नाही. तळघर बारा अंशांच्या आसपास. पिंप उघडलं की आत हवा शिरते, तेव्हापासून तीनेक दिवसांत ते संपलं पाहिजे. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, ७२ पाइंटचं. ७२ पाइंट तीन दिवसांत संपवणारी गिऱ्हाइकं गावात नसतील तर चांगली एल विकताच येत नाही. ट्रेनमध्ये हे सांगितल्यावर काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे माल दुकानात तयार होतोय. आणि खपलं नाही तर व्हिनेगर." यापुढं मला समजावून सांगायला फार उरलं नाही.

रीडिंगहून गोरिंग तिसरं स्टेशन : टाइलहर्स्ट, पँगबोर्न, गोरिंग अँड स्ट्रीटली. पंधरा-वीस मिनिटं. थेट लंडनहून निघाल तर पॅडिंग्टनहून साधारण तासभर धरा, आणि सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी पकडा, कारण जलद गाड्या गोरिंगला ढुंकून बघत नाहीत. स्टेशनातून खाली आलात की टेम्सचा पूल, बंधारा आणि लॉक, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे. पॉप गायक जॉर्ज मायकल याच गावात राहत होता आणि २०१६ च्या नाताळात इथंच गेला. काकांना त्याचं काही नव्हतं. लॉकचे दरवाजे उघडतात-मिटतात ते बघत मात्र ते पंचवीस मिनिटं उभे राहिले. ती पंचवीस मिनिटं पुढं महागात पडणार होती.

पूल ओलांडला की स्ट्रीटली, आणि तिथून चढ. ऑल्डवर्थला थेट जाणारा डांबरी रस्ता आहे, अंतर पाच किलोमीटरच्या आसपास. पण त्या रस्त्यानं चालू नका. बराच भाग फुटपाथविना, दोन्हीकडे कुंपणाच्या झाडीच्या भिंती आणि वळणावर अचानक लँडरोव्हर. थोडी लांब पडली तरी शेतातली पायवाट घ्या. रिजवे नावाची ८७ मैलांची प्राचीन डोंगरवाट इथूनच जाते, तिचा थोडा तुकडाही पायाखाली येतो. माती चुनखडीची, पांढरट. पाऊस झाला की तिचं लोणी होतं. काकांनी बाटाचे सँडल घालायचा हट्ट धरला होता; बहिणीनं जबरदस्तीनं जावयाचे बूट घालायला लावले म्हणून निभावलं. फोनवरच्या नकाशावर सगळी भिस्त ठेवू नका. वर काही ठिकाणी रेंज जाते, आणि शेताच्या फाटकांवर बाण असले तरी दोन बाण दोन दिशांना दाखवत असतात. साठीच्या पुढचं कोणी बरोबर असेल तर वर जाताना टॅक्सी आणि येताना उतार चालत, असं करा. आम्ही उलटं केलं नाही, सुलटंही केलं नाही, दोन्ही वेळा चाललो. काकांचे गुडघे तीन दिवस बोलत होते.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.

बेल इन बाहेरून एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाच्या घरासारखी दिसते. एकाच कुटुंबाकडे ती अडीचशेहून अधिक वर्षं आहे. खऱ्या एलसाठी १९७१ पासून झगडणाऱ्या 'कॅम्रा' या संघटनेनं तिला दोनदा देशातला सर्वोत्तम पब ठरवलं, १९९० साली आणि पुन्हा २०१९ साली. दोन सन्मानांच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षं, आणि त्या तीस वर्षांत आत काही बदललं असावं असं वाटत नाही. धुरानं आणि काळानं पिवळट झालेलं छत, भिंतींना लाकडी फळ्या, भिंतीला लागून बाकं, शेगडी, आणि एकच काटा असलेलं उंच घड्याळ. बार काउंटर नाहीच. भिंतीत काचेची झडप असलेली एक खिडकी आहे, अगदी आपल्या एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडकीएवढी. तिथं जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, पेला घ्यायचा, बाजूला व्हायचं.

त्या खिडकीचा शिष्टाचार थोडा सांगतो, कारण नवखा माणूस तिथंच चाचरतो. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. हात हलवू नका, नोट फडफडवू नका, 'एक्स्क्यूज मी' ओरडू नका. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येणार नाही. आमच्या आधी बसलेलं एक जोडपं बिचारं वाट बघत होतं, त्यांना शेजारच्या आजोबांनी खुणेनं खिडकी दाखवली. कुठली एल घ्यावी कळत नसेल तर घोटभर चव मागा, हसून देतात. टिप द्यायची पद्धत नाही. फार खूश झालात तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, म्हणजे एका पेल्याचे पैसे त्यांच्या नावानं. कार्ड चालेल असं गृहीत न धरता थोडी रोकड ठेवा. डोंगरावरच्या गावात ती कधीही बरी. आणि चौघं गेलात तर प्रत्येकानं आपापला पेला आणायचा नाही, पाळीपाळीनं सगळ्यांचा राउंड काढायचा. यात जो हळूच मागं राहतो त्याचं नाव पुढची वीस वर्षं घेतलं जातं.

मी स्विंडनच्या आर्केल्स ब्रुअरीची थ्री-बी घेतली. ब्रुअरी १८४३ सालची, एल चार टक्क्यांची. काकांना अर्धा पाइंट दिला. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तो पेला काठोकाठ भरलेला असतो आणि पहिल्यांदा हातात आला की वजनानं मनगट दबतं. अर्ध्यापासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही, दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर तेच शहाणपणाचं.

काकांनी आधी पेला खिडकीच्या उजेडात धरला. तांबूस, तुपासारखा निवळ. मग नाक आत घालून चांगला वास घेतला. शेजारच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मग एक घोट, तोंडात फिरवून.

"गार नाही."

"नसतेच, काका."

"फेसही बेताचा." दुसरा घोट. "पण यीस्ट निरोगी आहे. कुठं आंबूस नाही, रबराचा वास नाही. तळघर कोण सांभाळतं त्याला विचार, धुतो कशानं."

हे मी विचारलं नाही. पण मुद्दा काकांनी बरोबर पकडला होता. बर्फगार लागरची सवय असलेल्या जिभेला ही बियर पहिल्या दोन घोटांना कोमट आणि मिळमिळीत वाटते. थंडीनं आणि गॅसनं जीभ बधिर होत नसल्यामुळं चव मागाहून येते : आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, मग बिस्किटासारखी, आणि घोट गेल्यावर घशाच्या मागं हॉप्सचा कडवटपणा, कोवळ्या कारल्याइतका. तिसऱ्या घोटाला निर्णय घ्या, आधी नको. आणि आंबट लागली तर मुकाट्यानं पिऊ नका, परत न्या. पिंपाचा तळ आला असेल तर बदलून देतात, त्यात कोणाला राग येत नाही.

एक गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. 'बियर चालते, मासे नाही' असे मित्र मला भरपूर आहेत. एल निवळ व्हावी म्हणून पिंपात पूर्वापार आयझिनग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. यीस्टला धरून ते तळाशी बसतं, वरची बियर आरशासारखी होते. पालघरकडं घोळ माशाच्या ज्या 'बोता'साठी व्यापारी बोली लावतात, तीच ही पिशवी. मुरबे गावच्या एका बोटीला २०२१ मध्ये घोळीच्या एका खेपेनं कोटीच्या वर मिळवून दिल्याची बातमी आठवत असेल. आता बऱ्याच ब्रुअऱ्या त्याशिवायही बनवतात. खिडकीवर 'व्हीगन आहे का' एवढं विचारलं की सांगतात. अशी एल जरा गढूळ असू शकते, ते खराब झाल्याचं लक्षण नव्हे.

आता जेवण. बेलला 'मेन्यू' म्हणावं असं फार काही नाही आणि तेच तिचं बलस्थान. गरम, कडक सालीचे गोल पाव, आत तुम्ही म्हणाल ते. हॅम, चेडर, खेकडा, बैलाची जीभ. शिवाय सूप, शिवाय प्लाउमन्स. काकांनी विचारलं, "त्या यादीत तिसरं काय आहे?" मी भाषांतर केलं. काकांनी यादी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "खेकडा."

तो पाव वर्णन करण्यासारखा होता. दाबला की सालीचा चुरा टेबलावर उडतो, आत वाफ, आणि खेकडा नुसता, मेयोनेजमध्ये न बुडवलेला. काकांना तिखट हवं होतं, मोहरी मागितली. इंग्लिश मोहरी जपून घ्या. कसुंदीच्या सवयीनं काकांनी चमचाभर लावली आणि नंतर दोन मिनिटं छताच्या तुळया मोजत बसले.

मी प्लाउमन्स घेतलं : चीजचा जाड तुकडा, पाव, कांदा, लोणचं. नांगरणाऱ्याचं जेवण. काका खूश, "म्हणजे भाकरी-कांदा-ठेचाच की." तसंच दिसतं खरं. पाव-चीज-कांदा शेतकरी शतकानुशतकं खात आलाच असेल, पण 'प्लाउमन्स लंच' हे नाव देशभर पसरलं ते १९५० आणि ६० च्या दशकांत, चीज खपवायला दूधवाल्या मंडळींनी केलेल्या जाहिरातींमुळं. हे ऐकून काका म्हणाले, "बरं झालं आपल्या ठेच्याची कुणी जाहिरात केली नाही."

शाकाहाऱ्यांना चीजचा पाव आणि प्लाउमन्स बिनधोक. सूप मात्र कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारून घ्या.

इथं संगीत नाही, टीव्ही नाही, जुगाराचं यंत्र नाही आणि मोबाइलला बंदी आहे. मी फोन बंद केला होता. काकांनी 'सायलेंट'वर टाकलाय असं सांगितलं होतं. दुसऱ्या अर्ध्या पाइंटाच्या मध्यावर त्यांच्या सदऱ्यातून 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू झालं, पूर्ण आवाजात, झांजांसकट. खोलीतली सगळी बोलणी थांबली. काका सगळे खिसे चाचपत होते, फोन आतल्या जॅकेटात होता. 'जय देव जय देव'पर्यंत पोचल्यावर तो सापडला आणि बंद झाला. कोणी काही बोललं नाही. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी तेवढं विचारलं, की हे कुठलं गाणं, आणि पुढचा पाऊण तास काका आणि ते बोलत बसले. गणपतीवरून ऊस, उसावरून मळी, मळीवरून नौदलातली रम. काकांचं इंग्रजी केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं, आजोबांचं बर्कशरचं, अडलं कुठंच नाही.

मागं बाग आहे आणि तिला लागून गावाचं क्रिकेटचं मैदान. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सामना असेल तर पेला घेऊन तिथंच बसा. आम्हाला मैदानच दिसलं, सामना नव्हता.

पावणेतीनच्या सुमारास खिडकीतून शेवटची हाक आली. लॉकवरची ती पंचवीस मिनिटं आता आठवली. अजून एक अर्धा पाइंट झाला असता. काकांनी एक काट्याच्या घड्याळाकडं बोट दाखवून किती वाजले विचारलं. आजोबा म्हणाले, तीनच्या आसपास, त्याहून बारीक इथं कोणी मोजत नाही.

बाहेर पडल्यावर लगेच परतू नका. समोरची विहीर साडेतीनशे फुटांहून खोल आहे. टेकडी चुनखडीची, पाणी खाली मुरतं, म्हणून एवढं खणावं लागलं. आणि चार पावलांवर सेंट मेरीज चर्च. आत चौदाव्या शतकातले, डी ला बेश घराण्याचे नऊ दगडी पुतळे पहुडलेत, काही माणसापेक्षा मोठे. गावकरी त्यांना 'राक्षस' म्हणतात. सतराव्या शतकातल्या यादवीत पार्लमेंटच्या सैनिकांनी नाकं-हात तोडले असं सांगतात. त्यांच्याशी जोडलेलं एक नाव 'सदाभित्रा जॉन'. दंतकथा अशी, की चर्चच्या आत पुरला किंवा बाहेर पुरला तरी आत्मा तुझा, असा करार त्यानं सैतानाशी केला होता. म्हणून त्याला भिंतीतच पुरलं, ना आत ना बाहेर. काका त्या भिंतीजवळ बराच वेळ होते. अंगणात जुनाट यू वृक्षाचं खोड आहे, हजार वर्षांचं म्हणतात.

गाडीनं आलात तर चालवणाऱ्यानं पिऊ नये, हे सांगायला नको. रस्ते अंधारे आणि अरुंद आहेत. हिवाळ्यात चालत जाणाऱ्यांनी विजेरी न्या, चारलाच काळोख पडायला लागतो.

उतरताना अर्ध्या वाटेवर रेंज आली. काकांनी फोन चालू केला. काकूंचे सात मिस्ड कॉल. काकांनी बूट झटकले, घसा साफ केला आणि फोन लावला.

"अगं, चर्चमध्ये होतो. तिथं फोन बंद ठेवावा लागतो."

माझ्याकडं बघितलं, आणि हात फोनवर ठेवून म्हणाले, "अर्धा तास होतो की नाही?"