कंपनीचा विमा आहे, तरी पार्ट बी घेणारच

येत्या जूनमध्ये मला 65 पूर्ण होतील आणि त्याच महिन्यात नोकरीही संपेल. आमची कंपनी निवृत्तांना आरोग्यविमा देते. अमेरिकेत हे आता फार कमी ठिकाणी उरलंय. त्यामुळे इथल्या, न्यू जर्सीतल्या मैत्रिणी विचारतात, "मग तुला मेडिकेअर कशाला?"

कशाला ते सांगते. मेडिकेअर म्हणजे इथला 65 पासूनचा सरकारी आरोग्यविमा, आणि पार्ट बी हा त्यातला डॉक्टर, तपासण्या वगैरेंचा खर्च देणारा भाग. नोकरीत असताना माझ्या बिलाचे पैसे आधी कंपनीचा विमा देतो. निवृत्त झाल्यावर क्रम उलटतो: आधी मेडिकेअर, उरलेलं कंपनी. पार्ट बी घेतलाच नाही, तर मेडिकेअरचा वाटा बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. त्यात उशीर केला तर दंड. उशिराच्या दर पूर्ण 12 महिन्यांमागे हप्त्यावर 10 टक्के, आणि पार्ट बी असेपर्यंत तो भरायचा. निवृत्तांचा विमा किंवा कोब्रा (नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा काही काळ स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) दाखवून तो टळत नाही. म्हणून 2026 चा महिन्याचा 202.90 डॉलरचा हप्ता मी बिनतक्रार भरणार आहे.

खरा पेच पुढे होता. जोडीला कंपनीचा विमा ठेवायचा की स्वतःची मेडिगॅप पॉलिसी, म्हणजे मेडिकेअरने न दिलेला वाटा भरणारा खासगी विमा, घ्यायची? पार्ट बी सुरू झाल्यावर पहिले 6 महिने मेडिगॅपवाले तब्येत विचारू शकत नाहीत, नंतर विचारू शकतात. मला मधुमेह आहे, तेव्हा ही मुदत सोडायला जीव होत नव्हता. पण नवरा 61 चा. मी कंपनीचा विमा सोडला तर त्याचाही जातो, आणि परत घेता येत नाही. शिवाय हिवाळाभर आम्ही पुण्यात आईजवळ असतो. तिथे मेडिकेअर काही देत नाही. मेडिगॅपचा प्लॅन जी देतो, पण फक्त तातडीच्या उपचारांना, प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांत, आणि आयुष्यभरात मिळून 50,000 डॉलरपर्यंत. आमचा मुक्काम त्याहून लांबतो. कंपनीच्या विम्यात परदेशातल्या तातडीच्या उपचारांना दिवसांची अट नाही, हे मी एचआरकडून लेखी घेतलंय.

उद्या कंपनीने हा विमाच बंद केला तर? ही धास्ती होतीच. पण तसं झालं तर 63 दिवसांत तब्येतीची चौकशी न होता मेडिगॅप घेता येतो. हे कळल्यावर माझं ठरलं. कंपनीचा विमा ठेवतेय. पार्ट बीचा अर्ज 1 मार्चपासून भरता येतो, तो पहिल्याच आठवड्यात भरणार.