मळभाचे दिवस आणि शहात्तरचा उन्हाळा

ब्रिटनमध्ये साठी ओलांडलेल्या कुणाशीही उन्हाळ्याचा विषय काढला की गाडी १९७६ वर येऊन थांबते. त्या वर्षी २३ जून ते ७ जुलै असे सलग पंधरा दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा ३२.२ अंशांपर्यंत किंवा त्याच्या वर गेला. ३२.२ म्हणजे जुन्या मापाचे नव्वद फॅरनहाइट. नागपूरकराला ही फेब्रुवारीतली दुपार वाटेल. पण इथली घरं उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली, छताला पंखा नाही आणि जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा. तिथे ३२ अंश म्हणजे काय, ते इथे राहिल्यावरच कळतं.

आता नोंदवही उघडा. संपूर्ण ब्रिटनच्या सरासरी तापमानाची मालिका १८८४ पासूनची आहे आणि तिच्यात पहिला नंबर २०२५ च्या उन्हाळ्याचा: १६.१० अंश. दुसरा २०१८ चा, १५.७६. शहात्तर पहिल्या पाचातूनही बाहेर गेला आहे. तरी आणखी वीस वर्षांनी २०२५ च्या गप्पा कुणी मारेल, असं वाटत नाही. कमाल तापमान पाहिलं तर दोन्ही वर्षं सारखीच: १९७६ मध्ये चेल्टनहॅमला ३५.९, २०२५ मध्ये केंटमधल्या फॅव्हरशॅमला ३५.८. फरक पडला तो रात्रीमुळे. २०२५ मध्ये ब्रिटनभोवतीचा समुद्र नेहमीपेक्षा गरम होता, त्यामुळे रात्रीचं तापमान खाली येईना आणि सरासरी वर गेली. रात्र दोन अंशांनी उबदार राहिली, हे झोपलेल्या माणसाच्या लक्षात कशाला राहील?

शहात्तरची तयारी तर आदल्या वर्षापासून चालली होती. मे १९७५ पासून पाऊस हुलकावणी देत होता आणि जमीन पार वाळली होती. ओल्या जमिनीवर पडणारं ऊन आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. जमीन कोरडी असेल तर तेच ऊन थेट हवा तापवतं. ऑगस्टपर्यंत साउथ वेल्स आणि डेव्हनच्या काही भागांत घरचे नळ बंद झाले होते आणि लोक रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन उभे होते. सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं आणि अवघ्या काही दिवसांत धो धो पाऊस सुरू झाला. पुढे १९७८-७९ च्या हिवाळ्यात याच गृहस्थांवर बर्फाची जबाबदारी टाकण्यात आली. नळावरची रांग आणि हा विनोद, दोन्ही लोकांच्या लक्षात राहिलं. सरासरी कुणालाच आठवत नाही.

एरवी ब्रिटनचं हवामान म्हणजे अटलांटिकवरून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांची वरात. दोन-तीन दिवसांनी एक येतं. आधी पातळ ढगांचा पडदा, मग भुरभुर, मग थोडी ऊब, मग एक जोराची सर आणि स्वच्छ थंड संध्याकाळ. लगेच पुढच्याचा पडदा. जोरदार वादळांना २०१५ पासून नावंही दिली जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लंडनचा पारा बहुतेक दिवशी तीन ते दहा अंशांमध्येच खालीवर करत राहतो आणि अख्खा ऋतू डायरीत एकही खूण न ठेवता निघून जातो. ऋतू लक्षात राहतो तो ही वरात अडली तरच. स्कँडिनेव्हियावर किंवा ग्रीनलँडच्या बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की अटलांटिकची वाट बंद होते आणि जी हवा आत आली असेल तीच आठवडेच्या आठवडे मुक्काम करते.

१९६२-६३ चा हिवाळा हा त्याचा सगळ्यात मोठा नमुना. २६ डिसेंबरला बर्फ सुरू झाला, २९-३० ला हिमवादळ झालं आणि मग हवा हललीच नाही. मध्य इंग्लंडची जानेवारीची सरासरी उणे २.१ अंश होती. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे समुद्र गोठला. फुटबॉलचे इतके सामने रद्द झाले की सट्ट्याच्या कूपनांसाठी न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवणारी समितीच नेमावी लागली. ब्रिटनभर कुठेही दहिवर नाही अशी त्या वर्षातली पहिली सकाळ उजाडली ती ६ मार्चला. उलट २०१२ मध्ये ५ एप्रिलला पाणीकंपन्यांनी दुष्काळामुळे बागेत पाइपने पाणी घालायला बंदी केली आणि तोच एप्रिल १९१० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात ओला एप्रिल ठरला. पुढच्या वर्षी मार्च हा डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांपेक्षा थंड निघाला.

पण जास्त दाब म्हणजे स्वच्छ आकाश, हा शाळेतल्या भूगोलाचा धडा इथल्या हिवाळ्याला लागू पडत नाही. जास्त दाबाच्या क्षेत्रात वरची हवा खाली दबते आणि दबताना गरम होते. त्यामुळे साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर गरम हवेचं झाकण तयार होतं आणि समुद्रावरची ओल त्याखाली कोंडून राहते. तिचा सपाट, राखाडी ढग बनतो. जुलैत असा ढग सकाळी दहा-अकरापर्यंत विरून जातो, कारण लंडनला तेव्हा भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साठ अंशांवर असतो. डिसेंबरात तो जेमतेम पंधरा अंशांवर चढतो (मुंबईत याच दिवशी सुमारे ४७) आणि चारच्या आत मावळतो. एवढ्याशा उन्हाने तो थर हटत नाही. मग सकाळी सहा अंश, दुपारी सात, रात्री सहा. पाऊस नाही, वारा नाही आणि सावली तर नाहीच. अँटिसायक्लोनिक ग्लूम, म्हणजे जास्त दाबातलं मळभ, म्हणतात ते हेच. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला याचा मोठा मुक्काम पडला आणि हा एरवी हवामानवेड्यांच्या तोंडी असणारा शब्द बातम्यांत आला. या दिवसांत ऊन हवं असेल तर डोंगर चढा. झाकण खाली असेल तर लेक डिस्ट्रिक्टच्या किंवा स्कॉटलंडच्या शिखरांवर लख्ख ऊन असतं आणि पायाखाली ढगांचा समुद्र. सखल भागात राहणाऱ्यांनी वाऱ्याची दिशा पाहावी. डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा कोरडा होतो, त्यामुळे ढगाला भोकं पडतात ती डोंगराच्या आडोशाच्या बाजूला.

मळभ मोजायचं जुनं साधन फार देखणं आहे. कॅम्पबेल-स्टोक्स उपकरणात सुमारे दहा सेंटिमीटरचा भरीव काचेचा गोळा असतो आणि त्याच्यामागे खाचेत निळसर कार्डाची पट्टी. ऊन पडलं की गोळा भिंगासारखं काम करतो, कार्ड जळतं आणि सूर्य सरकेल तशी जळकी रेघ पुढे जाते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजायची, की झाले उन्हाचे तास. हिवाळ्याची पट्टी आखूड आणि वाकडी, उन्हाळ्याची लांब आणि वाकडी, मधल्या दिवसांची सरळ. चुकीची पट्टी घातली तर रेघ कार्डाबाहेर जाते. मळभाच्या आठवड्यात कार्ड जसं घातलं तसं कोरं निघतं आणि तरी त्यावर तारीख घालून ते जपून ठेवायचं असतं.

बर्फाच्या आठवणींत ज्याचा मान मोठा, तो फेब्रुवारी १९४७ मळभाचाही विक्रमवीर होता. २२ जानेवारी ते १७ मार्च ब्रिटनमध्ये रोज कुठे ना कुठे बर्फ पडत होता आणि पूर्वेचा वारा उत्तर समुद्रावरून सतत ढग आणत होता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी सूर्य दिसलाच नाही. त्यात कोळशाची टंचाई, म्हणून विजेचीही कपात. मार्चमध्ये तो सगळा बर्फ वितळला तेव्हा खालची जमीन गोठलेली होती. पाणी मुरलं नाही आणि मोठे पूर आले.

पावसाचंही थोडं असंच आहे. लंडनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता. इथला पाऊस मोठा नसतो, चिवट असतो. सकाळपासून कोट ओला करणारी भुरभुर संध्याकाळी मोजपात्रात ०.६ मिलिमीटर भरते. भारतीय हवामान खातं २.५ मिलिमीटरपासून पावसाळी दिवस धरतं, इथे ०.२ पासून पावसाचा दिवस आणि १ मिलिमीटरपासून ओला दिवस. त्यामुळे पुण्याच्या आणि लंडनच्या पावसाळी दिवसांची तुलना करताना आधी दोन्हीकडची व्याख्या एक करून घ्यावी. (आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बघतात, तसं इथे १५ जुलैला, सेंट स्विदनच्या दिवशी, पाऊस आला तर चाळीस दिवस येतो म्हणतात. तंतोतंत कधीच जुळत नाही. पण जुलैच्या मध्याला जेट स्ट्रीम (खूप उंचीवरचा वेगवान वाऱ्यांचा पट्टा) जिथे स्थिरावते तिथे ती बरेचदा राहते, एवढं तथ्य त्यात आहे.)

ज्यांना इथे परसात नोंदी ठेवायच्या असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पर्जन्यमापक १२७ मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा असेल तर उत्तम. त्याची कड गवतापासून ३० सेंटिमीटर उंच आणि पातळीत हवी. खाली फरशी असेल तर थेंब उडून आत जातात. कुंपण किंवा झाड कडेपेक्षा जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. तापमापी सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, दार उत्तरेला. पेटी नसली की लोक तापमापी उत्तरेच्या भिंतीवर ठोकतात, तिथेच फसगत होते. जूनमध्ये इथला सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा त्या भिंतीवरही ऊन येतं. शिवाय घराची ऊब रात्रीचं किमान तापमान फुगवते.

वाचन सकाळी नऊला, ग्रीनिच वेळेने, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळात दहा. पाऊस आणि कमाल तापमान आदल्या तारखेला लिहायचं, किमान आजच्या. नवा माणूस सगळं आजच्याच रकान्यात भरतो आणि त्याचा महिना शेजारच्या केंद्राशी जुळत नाही. हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. उबदार हवा रात्री दोनला पोचली तर कमाल तापमान मध्यरात्रीनंतरचं असतं आणि नियमाप्रमाणे तेही आदल्या दिवशी जातं. ते तसंच जाऊ द्यावं.

स्वयंचलित मापकात छोटी डोलती बादली असते, दर ०.२ मिलिमीटरला एकदा उलटते. पानं, कोळ्याची जाळी आणि पक्ष्यांची शिट यांनी नळी तुंबते आणि दोन दिवस शून्य दिसतं. दाट दवानेही कधी एखादं ०.२ येतं. बर्फात तर हे यंत्र निव्वळ थाप मारतं. नरसाळ्यात बर्फ साठतो आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं की कोरड्या दिवशी पाऊस दाखवतो. साध्या मापकाला उपाय सोपा: मोजून कोमट पाणी ओता, बर्फ वितळवा, एकूण मोजा आणि ओतलेलं वजा करा. ढोबळ हिशेब एक सेंटिमीटर बर्फाला एक मिलिमीटर पाणी, ओल्या बर्फाला त्याहून जास्त. जाडी मोजायला सपाट जागी तीन ठिकाणी पट्टी उभी धरून सरासरी काढावी, वाऱ्याने रचलेल्या ढिगात धरू नये.

भारतातून आलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात बर्फाची फार आस असते आणि मोबाइलवरचं हिमकणाचं चित्र त्यांना हमखास फसवतं. दोन आकडे पाहायची सवय लावावी. साधारण दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे हवेचा दाब ८५० हेक्टोपास्कल असतो त्या पातळीवर, उणे ५ किंवा कमी तापमान आणि जमिनीजवळ दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव बनू लागतं तो) शून्य किंवा त्याखाली. दवबिंदू दोन असेल तर बहुतेक वेळा गार पाऊसच. किनाऱ्यालगत समुद्रावरून वारा येत असेल तर शेवटच्या पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात गणित बिघडतं, तर दोनशे मीटर उंचीवरच्या गावात अंशभराचा फरक आपल्या बाजूने पडतो. अटलांटिकवरून पावसाचा पट्टा थंड हवेवर चालून आला की दोन तास बर्फ आणि मग पाऊस, हा इथला नेहमीचा शेवट. नाताळच्या बर्फाची अधिकृत अट मात्र फारच उदार आहे: २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत एक हिमकण पडताना दिसला की झालं. २०१० मध्ये त्या दिवशी ८३ टक्के केंद्रांवर जमिनीवर बर्फ होता, ती गोष्ट वेगळी.

शेजारच्या आजोबांनी अमुक साली कसा हिवाळा पडला होता, असं सांगितलं तर पडताळायला साधन आहे. मध्य इंग्लंडच्या तापमानाची मालिका मासिक १६५९ पासून आणि दैनिक १७७२ पासून उपलब्ध आहे, मेट ऑफिसच्या (ब्रिटनच्या हवामान खात्याच्या) संकेतस्थळावर फुकट. हवामानतज्ज्ञ गॉर्डन मॅनली यांनी जुन्या डायऱ्या आणि खासगी नोंदी जुळवून ती उभी केली. सुरुवातीच्या दशकांचे आकडे ढोबळ आहेत, तेव्हा त्यांतल्या पाव-अर्ध्या अंशावर वाद घालू नये. महिन्याची सरासरी नेहमीपेक्षा दोन अंशांनी हलली तरी तो महिना वेगळा मानावा. आणि ही मालिका फक्त तापमानाची आहे: मळभाबद्दलचा दावा असेल तर सूर्यप्रकाशाच्या तासांची वेगळी फाइल उघडावी लागते.