दोन सूत

पुण्याच्या भाचीला बाळ झालं तेव्हा फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, "बाळाची गोधडी मी करते. तुकडे जोडून, ब्लॉकची." साताऱ्यातल्या आमच्या घरात वाकळांची चळत छताला टेकायला आलेली असताना आणखी एक कशाला, हे तिनं विचारलं नाही.

बेत कागदावर सोपा होता. आडवे तीन, उभे चार असे बारा ब्लॉक. प्रत्येकात साडेतीन इंची नऊ चौकोन. शिवण दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची. नऊ तुकडे जोडल्यावर ब्लॉक साडेनऊ इंच भरायला हवा. चारी कडांची दोन-दोन सुतं पुढच्या जोडणीत गेली की गोधडीत दिसतो बरोबर नऊ.

ओळखीच्या शिंप्याकडून पिशवीभर कातरणं आणली. त्यात खणाचा एक तुकडा इतका देखणा, की त्यावरची नक्षी चौकोनाच्या मधोमध यावी म्हणून तो तिरका कापला. उरेब कापड ताणतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी आपण त्यासाठीच तर लावतो. पण मोह. इस्त्री फिरवली आणि चौकोनाचा पतंग झाला. शिवाय खणाच्या दशा सुटत होत्या त्या वेगळ्याच. तो बाद.

बाकीचं मात्र मन लावून केलं. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीनं उजवीकडे वळवल्या, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या परत उजवीकडे. अशा उलटसुलट वळवल्या, की ओळी जोडताना शिवणी एकमेकींना अडतात आणि चार कोपरे एका टिंबात येतात. आले! चारही ठिकाणी आले. शेजारणीला हाक मारून दाखवले.

मग टेप लावली. नऊ. साडेनऊ नव्हे, नऊ.

माझी शिवण दोन सुतांची नव्हे, तीन सुतांची पडली होती. एका सुतानं काय होतंय? पण शिवण दोन्ही तुकड्यांतून कापड खाते. एका ओळीत दोन शिवणी, म्हणजे चार सुतं. अर्धा इंच गेला.

सासूबाई, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो, हे सगळं पलंगावरून बघत होत्या. "काय गं, भाकरी पण मापून थापतीस का?"

त्यांच्या वाकळेला टेप कधी लागलीच नाही. जुनं लुगडं जमिनीवर अंथरायचं, कोपऱ्यांवर हाताला येईल ते वजन ठेवायचं, वर तुकडे मांडायचे, कडा आत मुडपायच्या आणि बाहेरून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यावर यायचं. तिथं कापडाला कापड जोडतच नाहीत, कापडावर कापड बसवतात. शिवणीनं खाल्लं काय नि न खाल्लं काय. अशी वाकळ टिकते मात्र. दरवर्षी घट बसायच्या आधी आम्ही सगळ्या वाकळा टेम्पोत घालून माहुलीला संगमावर न्यायचो. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. एका टोकाला आत्या, दुसऱ्याला मी, पीळ घालता घालता माझे खांदे भरून यायचे आणि त्या पलीकडून ओरडायच्या, "अगं, जोर लाव की!" चार तास उन्हात पडूनही मधला भाग ओला तो ओलाच. माझा हा नाजूक ब्लॉक तसल्या पिळ्याला उतरेल का, कोण जाणे. बाळाची गोधडी मशीनमध्येच जाणार म्हणा.

ब्लॉक आत्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आखूड झाला, उसवावा लागणार."

त्यांनी चष्मा लावला नाही. मांडीवर पसरला, वीत टाकली आणि करंगळीपुढं उरलेल्या कापडावर एक बोट आडवं ठेवलं.

"वीतभर भरलं. वर बोटभर उरलं. आखूड कुठं झालंय?"