आंजर्ल्याच्या वाडीतले दोन भुंगे

आंजर्ल्याला बहुतेक जण कड्यावरच्या गणपतीला नाहीतर कासवं बघायला जातात, आम्हीपण दर्शन घेतलं, समुद्रावर गेलो, पण डोक्यात अजून घोळतायत ते काकांच्या वाडीतले दोन भुंगे.

जेवणं झाल्यावर होमस्टेवाले काका वाडी दाखवत होते. मी विचारलं, काका, त्या माडाच्या झावळ्या अशा तिरक्या कुणी कापल्यात? तर म्हणाले, "कापतोय कोण, गेंड्या भुंग्याचं काम ते!" हा रात्री उडत येतो, मधल्या न उघडलेल्या कोंबात घुसून तो कुरतडतो आणि नंतर ती झावळी उघडली की दोन्हीकडून कातरलेली दिसते. पाडेल्याने, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याने, सकाळीच तारेच्या आकडीने एक ओढून काढलेला. काळाकुळकुळीत, चांगला दीड-दोन इंची, डोक्यावर मागे वळलेलं शिंग, पोटाकडे तांबूस केस. याच्या अळ्या मात्र उभ्या माडाला काही करत नाहीत, त्या वाढतात शेणखताच्या खड्ड्यात नाहीतर कुजलेल्या खोडात. २०२० च्या निसर्ग वादळात इथे माडच्या माड आडवे झाले, ती खोडं जिथे पडून कुजली तिथे यांची चंगळच.

दुसरा, सोंड्या भुंगा, कामगंध सापळ्याच्या (वासाने भुंग्यांना ओढून पकडणाऱ्या) बादलीत बघितला. विटकरी रंग, पाठीवर पुढच्या बाजूला काळे ठिपके, लांब बारीक सोंड. गेंड्यापुढे अगदीच साधा दिसतो, पण खरा माड मारणारा हाच! मादी झाडाच्या जखमेत शेकड्याने अंडी घालते, बिनपायाच्या अळ्या आतून खोड पोखरतात, कोषसुद्धा तिथेच, आणि बाहेरून माड हिरवागार. भोकातून तांबूस चिकट रस गळायला लागला, खोडाला कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज आला की समजायचं, आणि तोवर बरेचदा उशीर झालेला असतो, शेंडाच मोडून पडतो. १९८० च्या दशकात हा आखातातपण पोचला आणि तिथल्या खजुराच्या बागांना लागला.

मला सगळ्यात लागलं ते हे की गेंड्याने पाडलेल्या भोकाच्या वासावर सोंड्या येतो, म्हणजे एक दार उघडतो आणि दुसरा आत शिरतो. म्हणून काका गेंड्या काढला की लगेच वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरून घेतात, हिरवी झावळी खोडालगत कापू देत नाहीत. गावाला तुमची वाडी असेल तर या वेळी गेल्यावर आधी माडांचे शेंडे बघा, आणि शेणखताचा खड्डा उकरून पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढा.